सुजातेची खीर आणि आमचे ताक

अहिल्यानगर म्हणजे दुधाचा जिल्हा. पण आमच्या आजीच्या वाट्याला कोराच चहा होता. घरात दूध आले ते शिक्षण आणि नोकरीच्या पावलांनी. म्हणून पोट सारखे गुबारते, चार आठवडे दूध बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा आमच्या जिवावर आले. पोट मात्र शांत झाले. आता दूध पुन्हा घ्यावे की कायमचे सोडावे?

सहा वर्षांचे उग्र तप सोडून सिद्धार्थाने सुजातेची खीर स्वीकारली. तो मध्यम मार्ग आम्ही पोटालाही लावला. डॉक्टरांना विचारून आधी तूप, मग ताक, दही, शेवटी दूध. एकेक पदार्थ, थोडा थोडा. वयाबरोबर अनेकांना दुधातली साखर पचेनाशी होते. विरजल्याने ती कमी होते, तुपात जवळजवळ नसतेच. भगिनींनो, दुधाने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यांनी मात्र हा प्रयोग घरी करू नये.

आम्हाला ताक-दही मानवले, पेलाभर दूध नाही. बुद्ध पौर्णिमेला विहारातली खीर दोन चमचे घेऊ. घरचे दूध आता विरजणाला लागते.