दर्याला सातबारा कुठे?

मी घाटावरचा माणूस. कोकणातला दमट उकाडा मला सोसत नाही, आणि राजापूरपासून रस्ता सड्यावर चढला की सावलीचं नावही उरत नाही. तरी २०२५ च्या फेब्रुवारीत मी जैतापूरला गेलो. नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्याला विजेचा प्रश्न टाळता येत नाही. शहराच्या एका अंगाला एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र, त्याचा कोळसा आणि त्याची राख. दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा, ऐन काढणीत अवकाळी पावसाने झोडपून निघणाऱ्या. कोळसा जाळणं थांबलं पाहिजे, हे मला मनापासून पटतं. मग ९,९०० मेगावॉट वीज देणारा, धूर न सोडणारा अणुऊर्जा प्रकल्प तिथल्या माणसांना का नको, ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

अणुस्कुरा घाट उतरल्यानंतरचा पहिला दिवस माडबनचा सडा पाहण्यात गेला. काळाकभिन्न कातळ, वाळलेलं पिवळं गवत, मधेच मोहरलेली हापूसची कलमं, आणि पलीकडे समुद्र. माडबनसह पाच गावांची ९३८ हेक्टर जमीन प्रकल्पासाठी घेतली गेली. तिचा बराच भाग सरकारी कागदांत नापीक ठरला. ज्याने कातळ फोडून खड्डा केला, त्यात दुरून आणलेली माती भरली आणि कलम जगवलं, त्याला तो शेरा किती लागला असेल, हे त्या झाडांकडे पाहताना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी खाडी ओलांडून साखरी नाट्याला गेलो. राजापूरच्या एका शिक्षक मित्राने तिथल्या एका वयस्कर तांडेलाशी, म्हणजे चाचांशी, गाठ घालून दिली. त्यांच्या पडवीतच दुपार गेली, आणि त्या दुपारसाठीच हे सगळं लिहितो आहे.

"आधी जेवा, मग विचारा," चाचा म्हणाले. तांदळाची भाकरी आणि तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. मासा पहाटे उतरलेला होता. नाशिकला बर्फातला मासा खाऊन मी बांगड्याला दुय्यम मानत आलो होतो. इथे पहिल्या घासाला ते मत गेलं. चाचींनी न विचारता दुसरा तुकडा वाढला.

जेवण झाल्यावर चाचांनी हाताने खाडीचं मुख दाखवलं. "तुमी भट्टीची भीती विचारायला आलात. आमची भीती पाण्याची आहे."

अणुभट्टीच्या उष्णतेने तयार झालेली वाफ पुन्हा थंड करायला समुद्राचं पाणी लागतं. जैतापूरच्या सहा भट्ट्यांसाठी दिवसाला सुमारे ५,२०० कोटी लिटर पाणी आत ओढून काही अंशांनी गरम करून परत सोडलं जाईल, असा अंदाज मांडला गेला आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. आत ओढलेल्या पाण्याबरोबर माशांची अंडी आणि पिल्लंही जातात. हे मी पुस्तकातून वाचलं होतं. चाचा ते दर्यावरून सांगत होते. "माशाला पाणी अंगाने कळतं. पाणी पालटलं की थवा सरकतो. आमची होडी लहान, त्याच्यामागे खोल पाण्यात किती जाणार?" ते तारापूरला जाऊन आले होते. १९६९ पासून तिथे अणुवीज आहे. प्रकल्पासमोरच्या पाण्यात सुरक्षेपायी जाळं टाकता येत नाही, हे तिथल्या मच्छीमारांनी त्यांना सांगितलं होतं.

"माडबनवाल्यांना हेक्टरी साडेबावीस लाख कबूल केले. त्यांची जमीन होती, कागद होता. दर्याला सातबारा कुठे? तो बिघडला तर मी कुठला उतारा घेऊन जाऊ?"

मी गप्प राहिलो. २०१० च्या नोव्हेंबरात प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली, ३५ अटी घालून. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा झालं. १८ एप्रिल २०११ ला याच गावात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार गेला. त्या दिवसाबद्दल चाचांनी एकच वाक्य उच्चारलं, "तेव्हापासून इथे कोणी विचारायला येत नाही, समजवायलाच येतात."

मग त्यांनी खर्च विचारला. मी फ्रान्सचं उदाहरण सांगितलं. जैतापूरला हव्या असलेल्या त्याच जातीची भट्टी फ्लामांव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. अंदाज ३३० कोटी युरोंचा, मुदत २०१२ ची. तिची वीज जाळ्यात आली २०२४ च्या डिसेंबरात, आणि व्याज सोडून खर्च १,३२० कोटी युरोंवर गेला.

चाचांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे चार लाखांची होडी सोळा लाखांना. आणि पुढच्या सहा होड्या त्याच मेस्त्रीला द्यायच्या? वरचे बारा कोण भरणार?"

या प्रश्नाला रत्नागिरी जिल्ह्यातच एक जुनं उत्तर आहे. परतताना मुद्दाम गुहागरची वाट धरली आणि अंजनवेलला एन्रॉनने उभारलेला दाभोळचा वीज प्रकल्प पाहिला. त्याची वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणंच थांबवलं. त्याच वर्षी माधव गोडबोले समितीने त्या वीजखरेदीच्या कराराची चिरफाड केली आणि वर्ष सरता सरता एन्रॉन दिवाळखोरीत गेली. कंपनी बुडाली, भार बँकांवर, मंडळावर आणि शेवटी तुमच्या-माझ्यावर आला. अणुभट्टीतल्या अपघाताचंही गणित वेगळं नाही. अशा अपघाताच्या भरपाईसाठीच्या २०१० च्या कायद्याने प्रकल्पचालकाची भरपाई १,५०० कोटी रुपयांपर्यंतच बांधली होती. नुकसान त्यापलीकडे गेलं तर ते कोणाच्या तरी अंगावर पडणारच, आणि ज्याच्याकडे कागद नाही त्याच्या अंगावर आधी.

अवकाळीने झोडपलेली बाग मी पाहिली आहे, म्हणून कोळशाला पर्याय हवा हे मी आजही ठामपणे म्हणतो. पण पर्याय महाग निघाला तर त्याची वीज कोणी घेणार नाही, आणि तोवर किनारा हातचा गेलेला असेल. म्हणून जैतापूरसाठी परदेशी कंपनीबरोबर अंतिम सही होण्याआधी दोन गोष्टी लेखी हव्यात. युनिटचा दर किती आणि बांधकाम रखडलं तर वाढीव खर्च कोणाचा, हे सगळ्यांना वाचता येईल असं जाहीर व्हावं. आणि साखरी नाट्यासारख्या गावांचा समुद्रावरचा हक्क, कोणती होडी कुठे कोणत्या मोसमात मासे धरते या तपशिलासह, सरकारी दप्तरात नोंदला जावा. वीज देशाला लागते, तर तिचा पुरा हिशेब देशासमोर मांडला पाहिजे. चाचांच्या पडवीत तो अर्ध्या तासात मांडून झाला होता.