चार बोटांचं पातं

माझ्या खांद्यावरच्या पिशवीला आतून एक लांबट कप्पा आहे. पिशवी शिवून घेताना तो मी मुद्दाम सांगून लावून घेतला. त्यात चामड्याच्या म्यानात एक सुरी असते. पातं चार बोटांचं, मूठ बाभळीची, सगळी मिळून वीतभरही भरत नाही. ती मिटत नाही. पातं मुठीत शिरलेलं आहे आणि तिथेच कायमचं रुतलेलं आहे. म्यानातून काढली की ती कामाला तयार असते.

एसटीत पेरूवाला खिडकीशी येतो तेव्हा मला ती हटकून आठवते. पेरू चावून खाण्यात मजा आहे हे मान्य, पण चार फाका करून शेजारच्या बाईपुढे धरण्यातली मजा वेगळी. नारायणगाव ते मंचर एवढ्या अंतरात अनोळखी बाईनं मला तिच्या सुनेच्या बाळंतपणापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलेलं आहे, आणि त्या बोलण्याची सुरुवात एका फाकेनं झालेली आहे.

आजीच्या कमरेला विळा असे. नऊवारीच्या कमरेशी मागच्या अंगाला खोचलेला, पात्याची वाक अंगाबाहेर. सकाळी गोठ्यात जाताना खोचला की तो रात्रीच निघे. त्यानं ती घास कापी, शेळीचं गुंतलेलं दावं तोडी, कांद्याची पात खुडी, नांगरटीत वर आलेली हरळी उकरी. आमच्या पायात बाभळीचा काटा मोडला की त्याच विळ्याचं टोक चुलीच्या जाळावर धरून ती काटा काढी. धाकट्या आत्याच्या बाळंतपणात तो विळा बारा दिवस बाजेखाली होता. लोखंड जवळ असलं की बाळंतिणीला बाधा होत नाही, अशी तिची श्रद्धा. ते बारा दिवस आजी कमरेला हात नेई आणि तिथे काहीच नसे. मी लहान होते, पण हाताची ती हालचाल माझ्या ध्यानात राहिली.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. मुलांना घेऊन शिवनेरीच्या उतारावर, नाणेघाटाच्या वाटेवर, नदीकाठच्या झाडीत हिंडायचं म्हणजे जवळ काहीतरी धारेचं हवंच. फांदीचा नमुना घ्यायचा, साल खरवडून आतला रंग दाखवायचा, गवताचं बेट मुळासकट उकरायचं. तेव्हा मी मिटता चाकू वापरत असे. एकदा बहाव्याची शेंग फोडत होते. हातभर लांब, काठीसारखी कडक, आत पातळ पडद्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक बी आणि काळा चिकट गर. टोक शिवणीत रोवून जरा पिळलं आणि चाकू माझ्याच बोटावर मिटला. तर्जनीवर तो व्रण अजून आहे. घरी येऊन पाहिलं तर सांध्यात महिनोन्‌महिन्यांचा चीक, माती, आंब्याचा रस घट्ट बसून स्प्रिंग ढिली झाली होती. सांधा ही चाकूची सोय असते आणि त्याचं दुखणंही. जिथे घडी पडते तिथे मळ साचतो, मळाबरोबर पाणी, पाण्याबरोबर गंज. अखंड सुरीला असा कोपराच नाही. नळाखाली धरली, पदराला पुसली, झालं.

ती सुरी मला मिळाली आळेफाट्याच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला. घिसाडी लोकांची पालं पडली होती. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे कोयत्यांचा ढीग. जमिनीत खड्डा करून कोळसा पेटवलेला, त्याला हातानं फिरवायच्या पंख्याचा वारा, आणि पंखा फिरवायला दहाएक वर्षांचा मुलगा. पुरुष बसून सांडशीत लोखंड धरायचा आणि समोर उभी राहून घण मारायची ती त्याची बायको. घण डोक्यावरून मागे जायचा, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, आणि घाव पडायचा तो बरोबर त्यानं हातोडीनं खुणावलेल्या जागी. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हती. त्याच्या हातोडीचा ऐरणीवरचा हलका टणत्कार म्हणजे ‘इथे’, आणि हातोडी आडवी ठेवली म्हणजे ‘थांब’.

मी बोटानं माप दाखवलं. ती म्हणाली, “येवढीशी? हिनं काय कापनार बाई तुमी?”

“पेरू,” मी म्हणाले. ती मनापासून हसली आणि घण खाली ठेवून पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ बसली.

ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा उरला होता, त्यातून त्यानं पातं ओढलं. कमानपाट्याचं पोलाद चांगलं, कारण त्यात धार टिकण्याइतका कर्ब असतो आणि वाकून परत सरळ होण्याची सवयही असते. आकार आला, कानशीनं धार काढली, मग पाणी द्यायची वेळ. त्यानं मुलाला माझी सावली विस्तवावर पडेल असं मला सरकवायला सांगितलं. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात खोटा दिसतो, सावलीत खरा. पुढे मी वाचलं की साधारण 770 अंश सेल्सिअसला पोलाद लोहचुंबकाला जुमानेनासं होतं आणि पाणी द्यायचा क्षण त्याच्या थोडा पुढे असतो. त्या माणसाजवळ चुंबक नव्हता, माझी सावली होती. पिकल्या बोरासारखा लाल रंग आला तसं त्यानं नुसती धार पाण्यात बुडवली, पाठ वर ठेवली. चर्र झालं. लगेच काढून विटेच्या तुकड्यावर घासली आणि माझ्यापुढे धरली. “बगा आता.” पाठीत राहिलेली ऊब धारेकडे परत येत होती, आणि तिच्यापुढे रंग धावत होता: आधी वाळल्या गवताचा, मग गव्हाच्या ओंबीचा. ओंबीचा रंग धारेला टेकला तसं सगळं पातं पाण्यात. नुसतं विझवलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ असतं. ही परत फिरलेली ऊब त्याला चिवट करते.

मुठीसाठी बाभळीच्या लाकडात लहान भोक पाडलं, पात्याचं शेपूट लाल करून त्यात ठोकलं. लाकूड आतून जळत जळत पात्याला जागा करून देत होतं. तो धुराचा कडवट वास मुठीला वर्षभर होता.

म्यान केलं आमच्या गावातल्या चांभारदादांनी. त्यांनी सुरी हातात घेतली, अंगठ्याच्या नखावर धार टेकवून पाहिली आणि आपली रापी तिच्याशेजारी ठेवली. रापीचं पातं झिजून झिजून अर्ध्यावर आलं होतं. “ही माझ्या वडलांची,” ते एवढंच म्हणाले, आणि म्यानाच्या टोकाशी चामड्याचा दुहेरी तुकडा घातला, म्हणजे टोक कधी बाहेर यायचं नाही.

घरी आणल्यावर पहिली कैरी कापली आणि पातं काळंनिळं पडलं. जीव हळहळला. न गंजणाऱ्या पोलादाची सवय झालेल्या डोळ्यांना तो डाग वाटतो. पण आंबट रसानं चढलेली ती काळसर साय पुढे तांबड्या गंजाला बऱ्यापैकी अडवते. आता तिच्यावर कैरीचा निळा आहे, कांद्याचा करडा आहे, डाळिंबाचा जांभळट काळा आहे. फणस कापताना मात्र आधी खोबरेल फासावं लागतं, नाहीतर चीक सुटत नाही. धार लावायला माझ्याकडे कुरुंदाचा दगड आहे. तो हाताशी नसेल तेव्हा चिनी मातीच्या कपाचं बूड चालतं. कप पालथा घातला की बुडाची बिनचकाकीची खरखरीत कड वर येते, तिच्यावर दहा वेळा या अंगानं, दहा वेळा त्या अंगानं. पिकल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली की पुरे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात सटकतो.

एका संध्याकाळी घोडेगावच्या चढावर आमच्यापुढे जाणारी मोटारसायकल अचानक तिरकी झाली आणि थांबली. मागे बसलेल्या मुलीची ओढणी मागच्या चाकात गुंडाळली गेली होती. गाडी पडली नव्हती, पण ओढणीचे दोन वेढे गळ्याला बसून ती मागे ताणली गेली होती, आणि चाक उलटं फिरवायला जावं तर गाडी घसरत होती. मी डावा हात तिचा गळा आणि ओढणी यांच्यामध्ये घातला, कापडाखाली दोन बोटं शिरतील एवढी जागा केली. उजव्या हातानं कप्पा चाचपला, अंगठ्यानं म्यान ढकललं आणि माझ्या बोटांवरून बाहेरच्या दिशेनं कापड कापलं. सिंथेटिक कापड, ताणलेलं, धारेला लागताच फाटत गेलं. मुलगी खोकली, रडली, रस्त्यावर बसली. तिच्या भावाचे हात इतके थरथरत होते की त्याला स्टँड लावता येईना. दुसरा हात मोकळा नव्हता; मिटलेला चाकू मी कशानं उघडला असता, हे त्यानंतर कितीतरी रात्री माझ्या मनात येत राहिलं.

तरीही बाईच्या पिशवीत सुरी म्हटलं की लोक संरक्षणाचं बोलतात. “बरं करता, दिवस वाईट आहेत.” मला ते ऐकवत नाही. माझी सुरी कुणाच्या भीतीनं पिशवीत आलेली नाही. आजीचा विळाही भीतीचा नव्हता. आमच्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र धरलेलं आहे, घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळून. माझं पातं त्या मापांच्या निम्म्यालाही पोचत नाही. सणासुदीला, निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली मनाईहुकूम निघतात, त्यात सुरेही येतात. तेवढे दिवस ती घरी राहते. विमानानं जायचं तर मोठ्या बॅगेत, सामानात. हे पाळायला मला जड जात नाही.

रोजच्या कामाची अशी लहान पाती आमच्या भागात फार जुनी. आमची कुकडी नदी पुढे घोड नदीला मिळते, आणि घोडच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 तिथे उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. तांबं महाग, म्हणून रोजच्या कापाकापीला कॅल्सेडनीची पाती. दगडाच्या गाभ्याला आधी एक कणा काढायचा आणि त्या कण्याच्या आधारानं समांतर कडांची पाती एकामागून एक उतरवायची. अशी पाती तिथे हजारांनी मिळाली. त्याहून जुना, पाच हजार वर्षांपूर्वीचा, आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेला माणूस: त्याच्याजवळ गारेच्या पात्याचा वीतभरसुद्धा नसलेला सुरा होता, ॲश झाडाच्या लाकडाची मूठ, आणि झाडाच्या सालीच्या तंतूंनी विणलेलं म्यान. त्या म्यानाचं चित्र मी फार वेळ पाहत बसले होते. विणणाऱ्यानं टोकाकडे वीण आवळत आणली आहे.

खंडेनवमीला मी सुरी धुऊन, तेल लावून पाटावर ठेवते. शेजारी कुरुंदाचा दगड, आजीचा विळा, मुलाचं पान्ह्यांचं पुडकं. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत काम सांगायचं नाही, हा आजीचाच नियम. गेल्या वर्षी त्या दुपारी दारात तोरण ओवत बसले होते. शेजारची मुलगी पायरीवर येऊन म्हणाली, “काकू, सुरी द्या ना, दोरा तोडायचाय.” माझा हात पिशवीच्या कप्प्यात गेला. कप्पा रिकामा. मी दोरा तिच्या हातातून घेतला आणि दातांनी तोडून दिला.