वारंगा फाट्यावरचा थांबा आणि कमरेचा पट्टा

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूर परिसरातील केळीच्या बागा मागे पडतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचे हिरवे पट्टे दिसू लागतात आणि काही वेळाने वारंगा फाटा येतो. १६१ आणि ३६१ हे दोन राष्ट्रीय महामार्ग येथे भेटतात. सरळ गेले तर आखाडा बाळापूर, कळमनुरी आणि हिंगोली. उजवीकडे वळले तर हदगाव, यवतमाळ आणि पुढे नागपूर. एरवी कळमनुरी तालुक्यातील हे एक लहानसे ठिकाण. परंतु फाटा असल्यामुळे येथे दिवसरात्र जाग असते. एसटी थांबते, मालमोटारी थांबतात, गरम खिचडीच्या पातेल्याभोवती माणसे उभी असतात. वाचकहो, आपणही या वाटेने कधी गेला असाल तर येथे पाय मोकळे केले असतील. आज या थांब्याविषयीच आपल्याशी थोडे बोलायचे आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय कमजोर झाला. नांदेडच्या रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर तिला मी मोटारीने गावी नेत होतो. वारंगा फाट्यावर तिला लघवीला जायचे होते. मी दार उघडले, तिचा डावा दंड धरला आणि बगलेखाली हात घालून तिला वर ओढले. ती उभी राहिली, काही बोलली नाही. रात्री मात्र तिचा खांदा ठणकू लागला आणि ते दुखणे पुढे कित्येक महिने गेले नाही.

पक्षाघातात खांद्याचे स्नायू सैल पडतात. सांधा सांभाळणारी पकड राहत नाही. अशा हाताला धरून ओढले तर सांधा जागचा सरकू शकतो. हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना अनेक वर्षे सांगत आलो होतो. त्या फाट्यावर मी डॉक्टर नव्हतो, घाईत असलेला मुलगा होतो. त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. प्रवासाला निघायच्या दिवशी आई सकाळपासून पाणी पिणे सोडून देऊ लागली. उतरावे लागू नये, कोणी ओढू नये, एवढाच तिचा हेतू. पुढे तिने गावी जाणेच नाकारले.

समुद्रावरचा पट्टा आणि शेतातले जू

यातून वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणाहून. माझी भाची गोव्यात नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी ती तेथे विंडसर्फिंग शिकते. पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर उभे राहून हातात शीड धरायचे आणि वाऱ्याच्या जोरावर पुढे जायचे, असा हा खेळ. १९८४ सालापासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. पतंगाच्या ओढीने फळीवरून धावण्याचा त्याचा धाकटा भाऊ २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आला. हा केवळ किनाऱ्यावरच्यांचा खेळ आहे असेही नाही. समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशातील इबाद अली याने २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळवले.

भाची आली तेव्हा तिच्या पिशवीत एक रुंद, आतून मऊ असा पट्टा होता. त्याला हार्नेस म्हणतात. शिडाची ओढ नुसत्या हातांनी सांभाळली तर दंड काही वेळातच भरून येतात. म्हणून कमरेला हा पट्टा बांधतात, त्याच्या पुढच्या आकड्यात शिडाच्या दांड्याची दोरी अडकवतात आणि शरीराच्या वजनाने शीड तोलतात. हातांनी फक्त दिशा द्यायची.

"निवडताना काय बघतेस?" मी विचारले.

"मामा, रंग शेवटी बघायचा," ती म्हणाली. "आधी तो घालून लटकून बघायचं, ओढ कुठे पडते ते. सैल असला की वर सरकतो आणि फासळ्यांत रुततो. कमरेचा प्रकार असतो, त्यात हालचाल मोकळी राहते. दुसरा बैठकीचा, मांड्यांखालून पट्टे असलेला. तो खाली बसतो, पाठीला आराम देतो. शिकाऊ माणसाला तो बरा पडतो."

आई उजव्या हाताने तो पट्टा चाचपत होती. ती म्हणाली, "हे तर जुवासारखंच की गं. जू नीट बसलं नाही तर बैलाचा खांदा सोलून निघतो. बैल काय बोलतोय? आपणच बघावं लागतं."

आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात. त्या उपचाराच्या निमित्ताने शेतकऱ्याचा हात वर्षातून एकदा तरी बैलाच्या खांद्यावरून सावकाश फिरतो आणि कुठे सूज आहे, कुठे घट्टा पडला आहे, ते त्याला कळते. आईच्या त्या वाक्याने मला माझी चूक नेमकी दाखवली. ओढ कोठे पडते हे मी पाहिलेच नव्हते.

आपल्या माणसासाठी पट्टा निवडताना

रुग्णाला उठवताना आणि चालवताना आधार देण्यासाठी कमरेला बांधायचा पट्टा मिळतो. वैद्यकीय साहित्याच्या दुकानात वॉकिंग बेल्ट किंवा ट्रान्सफर बेल्ट म्हणून मागावा. तो निवडताना नाविकाचे नियम आपल्याही उपयोगी पडतात.

पट्टा चार बोटांहून अरुंद नसावा. अरुंद पट्टा रुततो. दोन्ही बाजूंना आणि मागे धरण्यासाठी मुठी असाव्यात. माप कपड्यांवरून, उभे असताना आणि बसलेले असताना असे दोनदा घ्यावे, कारण बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. पट्टा कमरेच्या हाडांच्या लगत बसावा, फासळ्यांवर चढू नये. बांधल्यावर आत दोन बोटे सरकतील एवढीच जागा ठेवावी. बक्कल पाठीच्या मणक्यावर येऊ देऊ नये आणि ते एका हाताने चटकन सुटते ना, हे दुकानातच पाहावे. पतंगाच्या खेळातही ओढ झटक्यात तोडण्याची सोय हीच सुरक्षिततेची पहिली अट मानतात.

हा पट्टा तोल सांभाळण्यासाठी आहे, माणसाला उचलण्यासाठी नव्हे. ज्यांना पायांवर थोडाही भार घेता येत नाही त्यांच्यासाठी तो उपयोगाचा नाही. पोट, छाती किंवा पाठीची अलीकडे शस्त्रक्रिया झालेली असेल, पोटावर नळी किंवा पिशवी असेल, हर्निया असेल, फासळी मोडलेली असेल किंवा हाडे फार ठिसूळ झाली असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नये. काम झाले की सोडावा. सोडल्यावर कातडी पाहावी. लालसर वण अर्ध्या तासात गेला नाही तर तेथे दाब जास्त पडतो आहे. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते. अशा रुग्णाने "काही दुखत नाही" म्हटले तरी डोळ्यांनी पाहावेच.

कंबरदुखीसाठी मिळणारा पट्टा निराळा. तोही आपल्या मनाने दिवसभर बांधून ठेवू नये. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढाच वेळ वापरावा आणि सांगितलेले व्यायाम चालू ठेवावेत.

आणखी एक हार्नेस आपल्या मोटारीतच असतो. निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली दिलेला, तीन ठिकाणी अडकणारा सुरक्षापट्टा आज प्रत्येक मोटारीत आहे. त्याचा खालचा भाग पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडांवरून जावा. वरचा भाग मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून यावा. पाठीमागे जाड उशी ठेवली तर पट्टा सैल पडतो. पेसमेकर असलेल्यांनी टोचते म्हणून पट्टा टाळू नये; त्या जागी मऊ पातळ कापड ठेवावे. मागच्या आसनावरही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे आणि आजी-आजोबा बहुधा तेथेच बसतात.

पुन्हा तोच फाटा

गेल्या वर्षी पोळ्याला आईला घेऊन मी पुन्हा त्याच रस्त्याने निघालो. निघण्यापूर्वी तिने पाणी घेतले नव्हते, हे माझ्या लक्षात आले. मी पट्टा तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "आई, हाताला धरणार नाही." तिने माझ्याकडे पाहिले आणि अर्धा पेला पाणी प्यायली.

वारंगा फाट्यावर गाडी सपाट जागी उभी केली. आसन मागे सरकवले. तिचे दोन्ही पाय एकत्र बाहेर वळवून जमिनीवर पूर्ण टेकवले, पट्टा बांधला आणि तिला कडेपर्यंत सरकू दिले. मी तिच्या डाव्या, म्हणजे कमजोर बाजूला उभा राहिलो. एक हात पट्ट्याच्या मागच्या मुठीत होता, दुसरा तिच्या खांद्यापुढे नुसताच आधाराला. "पुढे वाक, आता उठ," एवढेच म्हणालो. पुढे वाकले की वजन आपोआप पायांवर येते. ती आपल्या पायांवर उठली. लगेच चालायला न लावता मिनिटभर तसेच उभे राहिलो. बराच वेळ बसून उठल्यावर वृद्धांचा रक्तदाब एकाएकी उतरतो आणि भोवळ येते. तेवढा वेळ द्यावाच लागतो.

स्वच्छतागृहातून आल्यावर आईने खिचडी मागितली. मऊ, गरम खिचडी तिला चालते. सोबतची तळलेली मिरची आणि लोणचे मी माझ्या ताटलीत घेतले. खाता खाता तिने रस्त्यापलीकडे बोट दाखवले. एक तरुण आपल्या वडिलांना दोन्ही मनगटांना धरून जीपमधून ओढत होता.

"जा, सांग त्याला," आई म्हणाली.

मी गेलो. आमचा पट्टा त्या आजोबांच्या कमरेला बांधला आणि मूठ मुलाच्या हातात दिली. दुसऱ्या प्रयत्नात आजोबा उभे राहिले. मुलाने पट्टा कोठे मिळतो ते विचारले आणि दुकानात काय मागायचे ते मोबाइलमध्ये लिहून घेतले.

वाचकहो, आपण सांभाळणारे असाल तर पुढच्या प्रवासाच्या आधी घरीच, खुर्चीवरून उठवण्याचा सराव दोन-तीनदा करा. आणि आपण स्वतःच वृद्ध असाल तर दुखते तेथे गप्प राहू नका, मुलांना सांगा, "येथे धरू नकोस, तेथे धर." प्रवासात पाणी सोडू नका. उतरायचा संकोच वाटतो म्हणून तहान मारणे मूत्रमार्गाला आणि रक्तदाबाला महागात पडते.

त्या संध्याकाळी गावी पोहोचल्यावर आईने खांदेमळणीची हळद आपल्या उजव्या हाताने कालवली. बैलाच्या खांद्यावरून तो हात फिरत असताना तिला मागून धरण्याचे काम माझ्याकडे होते. मी पट्ट्याची मूठ धरून उभा होतो.