पेपरची लाइन, पेट्रोलची वही



गेल्या आषाढात पहाटेच्या पावसात ह्यांची गाडी घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. हाड जुळेल असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे त्याची फार चिंता नव्हती. चिंता होती दुसऱ्या दिवशीच्या पेपरची. आमची जयसिंगपुरात पेपरची लाइन आहे. रोजचे २१० अंक. पुढारी, सकाळ, तरुण भारत, लोकमत, शिवाय थोडे इंग्रजी. पेपर टाकणाऱ्याला आजारपणाची रजा नसते. एक दिवस पेपर नाही आला तर लोक ऐकून घेतात, दुसऱ्या दिवशी दुसरा पेपरवाला बघतात.

मुलाची बारावी. मग मीच स्कूटर काढली.

पहाटे चारला स्टँडवर जायचं, टेम्पोतून गठ्ठे उतरवून घ्यायचे, पुरवण्या भरायच्या, पायाशी आणि मागच्या सीटवर मिळून वीस-बावीस किलोचं ओझं बांधायचं आणि निघायचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ह्यांचं काम काय असतं ते मला तेव्हा कळलं. सूर्योदयानंतर दोन घटका होईपर्यंत हे पाणीसुद्धा घेत नाहीत. उपाशीपोटी एवढं सगळं करून हे आठ वाजता घरी यायचे आणि मी म्हणायची, "इतका वेळ लागतो होय?"

पेट्रोलचं लक्षात आलं ते तिसऱ्या दिवशी. ह्यांची पद्धत अशी की काटा खाली गेला की पंपावर "दोनशेचं टाका" म्हणायचं. महिन्याला किती जातं, हे त्यांनाही सांगता येईना. एका अंकामागे आपल्या हातात राहतात ते मोजके पैसे, आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर. मला राहवेना. मी एक जुनी वही घेतली. टाकी फुल्ल केली, मीटरवरचा आकडा लिहिला. पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसलं आणि मधे किती किलोमीटर झाले ते मांडलं. एवढंच गणित. रोजची फेरी २४ किलोमीटर, आणि गाडी लिटरला जेमतेम ३६ किलोमीटर देत होती. म्हणजे महिन्याला २० लिटर.

त्याच सुमारास चातुर्मासाला थांबलेल्या माताजींचं बस्तीत प्रवचन सुरू होतं. पेपर टाकून, आंघोळ करून मी शेवटच्या अर्ध्या तासाला पोचायची. विषय होता आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार, त्यातली गुणव्रतं. अनर्थदंडव्रत आपण लहानपणापासून ऐकतो. ज्यातून काही साधत नाही अशी हिंसा सोडायची, एवढा त्याचा अर्थ मला ठाऊक होता. त्यातली प्रमादचर्या माताजींनी उलगडून सांगितली. विनाकारण माती उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडंझुडपं तोडणं. आणि त्याच यादीत विनाकारण हिंडणं, आणि दुसऱ्याला हिंडवणं.

दुसऱ्याला हिंडवणं! मी तिथेच बसल्या जागी ओशाळले. हे लाइनवर असताना "येताना केळी आणा", "आता तसेच मागे फिरा, कोथिंबीर राहिली" असे फोन रोज कोण करत होतं?

मनात आलं, आपले त्यागी पायी विहार करतात, पावसाळ्यात जीवजंतू वाढतात म्हणून चार महिने एका जागी थांबतात. आपल्याला पेपर थांबवता येणार नाही. पण त्या २४ किलोमीटरमध्ये कामाचे किती आणि विनाकारण किती, एवढं तर बघता येईल. इंजिनात जळतो तो अग्नीच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेजस्कायिक आणि वायुकायिक जीवांचा विचार करणाऱ्या घरात हा हिशेब कधीच मांडला गेला नव्हता.

मग दुपारी मी आणि हे जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लाइन काढायला बसलो. ते डाव्या हाताने बोट दाखवायचे, मी रेघ ओढायची. जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडील जयसिंगरावांच्या नावाने वसवलेलं गाव. रस्ते काटकोनात, आखीव. अशा गावात एका गल्लीतून वर आणि पुढच्या गल्लीतून खाली, असं नागमोडी गेलं तर कुठलाच रस्ता दुसऱ्यांदा लागत नाही. ह्यांचा क्रम मात्र गिऱ्हाईक जसं मिळत गेलं तसा पडलेला. एका गल्लीत तीनदा जाणं होतं! तो क्रम बदलला, दोन किलोमीटर वाचले.

दुसरी गोष्ट, सगळं ओझं एका वेळी बसत नाही म्हणून निम्मे अंक घरी ठेवून हे मधेच परत यायचे. आमचं घर लाइनच्या एका टोकाला. म्हणजे दीड किलोमीटर येणं, दीड जाणं. टेम्पो तर दुसऱ्या टोकावरूनच पुढे जातो. ड्रायव्हरदादांना विचारलं, तिथल्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर निम्मे गठ्ठे उतरवाल का? ते म्हणाले, "वहिनी, वाटेवरच आहे की. आधी का नाही सांगितलं?" तीन किलोमीटर तिथे वाचले, आणि गाडीवरचं वजन निम्मं झालं ते वेगळंच.

तिसरी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि मला सगळ्यांत अवघड गेली. प्रत्येक दारात गाडी चालू ठेवून थांबायचं, रेस द्यायची, पुढच्या दारात पुन्हा ब्रेक. पेट्रोल यातच जातं. आता बोळाच्या तोंडाशी गाडी बंद करते, सात-आठ घरांचे पेपर काखेत घेते आणि चालत टाकून येते. पहिले चार दिवस पोटऱ्या भरून आल्या. पण चालताना खाली बघता येतं. पावसाळ्यात रस्त्यावर गोगलगायी, गांडुळं, काय नाही! मुनी चार हात जमीन निरखून चालतात. आपल्याच्याने तेवढं होत नाही, पण गाडीवरून हे जीव दिसतही नव्हते.

बाकी मग किरकोळ. दर रविवारी चाकात हवा बघणं, वेळेवर एअर फिल्टर साफ करणं, एका संथ वेगात चालवणं. आणि वसुली. बिलासाठी एकेका घरी संध्याकाळी तीन-तीन चकरा होत. आता एक तारखेच्या पेपरातच बिलाची चिठ्ठी जाते, तिच्यावर मोबाइलवरून पैसे पाठवायचा कोड छापलेला असतो. ज्यांना रोख द्यायचे ते दुसऱ्या दिवशी पेपर घेताना देतात.

वहीत आकडे खाली येत होते आणि मला त्याची चटक लागली. अजून कुठे वाचेल, अजून कुठे? तेव्हा माझं बोट कॅलेंडरवरच्या एका लांब रेघेवर आलं. उदगावच्या बाजूला, वस्ती संपल्यावर, मळ्यात एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांचा एक अंक. जाऊन-येऊन ४.४ किलोमीटर. महिन्याला १३२ किलोमीटर, तीन लिटरच्या वर पेट्रोल. त्या एका पेपरवर आम्हाला जे सुटतं त्याच्या कितीतरी पट. मी ह्यांना गणित दाखवलं. हे काही बोलले नाहीत. नुसते वहीकडे बघत राहिले. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि गुरुजींना फोन केला, "एक तारखेपासून तुमचा अंक चौकातल्या दूध डेअरीत ठेवते. येता-जाता कुणाकडून मागवून घ्या." ते म्हणाले, "बरं बाई. पावसापाण्याचं तुम्हालाही लांब पडतं."

फेरी साडेचौदा किलोमीटरवर आली. गाडी लिटरला ४२ देऊ लागली. महिन्याला २० लिटर जात होतं तिथे साडेदहाच्या आत. मी बस्तीत चार जणींना कौतुकाने सांगितलंसुद्धा.

प्लास्टर निघालं. हळूहळू ह्यांनी लाइन हातात घेतली. मी सांगितलेल्या क्रमानेच जायचे, बोळात चालत जायचे. पण लाइन संपली की गाडी दारात लावून मुलाची सायकल काढायचे आणि पाऊण तासाने परत यायचे. आठवडाभर मी बघत होते. शेवटी विचारलं. म्हणाले, "गुरुजींकडे जातोय. सायकलला पेट्रोल लागत नाही ना?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून तर जास्त लागलं. तरी मी म्हटलं, "एका पेपरसाठी?" तेव्हा हे म्हणाले, "एकदा तू चल."

दसलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस होता. आम्ही दोघं चालत गेलो. गुरुजींच्या काकू तीन वर्षांपासून अंथरुणाला आहेत. स्वतः उठता येत नाही. ह्यांनी पेपर कोनाड्यात ठेवला, हात धुतले, आणि दोघांनी मिळून काकूंना अलगद उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. दोन मिनिटांचं काम. मग गुरुजींनी पेपर उघडला. काकू म्हणाल्या, "आधी कोण गेलं ते वाचा." निधनवार्ता वाचून झाल्यावर पावसाचं, मग धरणाचं पाणी, मग राशिभविष्य.

मी विचारलं, "मी पेपर टाकत होते तेव्हा काकूंना कोण उचलायचं?"

गुरुजी म्हणाले, "नऊला गडी यायचा. तोवर पडून असायची. तिला सवय आहे."

मैत्रिणींनो, डेअरीत अंक ठेवायला लागण्याआधी पाच आठवडे मी रोज त्या फाटकापर्यंत गेले होते. गाडी चालू ठेवून, पेपर आत फेकून, वळून परत. सगळ्या बोळात उतरून चालले, फक्त तिथे उतरले नाही, कारण तिथे एकच घर होतं आणि फाटक रस्त्यालगत होतं. उतरले असते तर दिसलं असतं. आणि मग ती रेघ मी विनाकारणच्या रकान्यात घातली नसती. अनर्थ म्हणजे ज्याला अर्थ नाही ते. किलोमीटर मी बरोबर मोजले होते, अर्थ कुणाला विचारलाच नव्हता. ह्यांनाही नाही.

मी हात जोडून गुरुजींची आणि काकूंची क्षमा मागितली. काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासूच्या वयाची मी. क्षमा कसली? उद्यापासून तू येत जा, हे बातम्या फार भरभर वाचतात."

आता पाळी लावली आहे. सोमवार ते शनिवार हे सायकलवर, रविवारी मी चालत. पेट्रोल साडेदहा लिटरच्या आतच आहे, आणि गुरुजींचा पेपर दारात जातो.

वही अजून चालू आहे. तुमच्याही घरी कुणाची ना कुणाची रोजची फेरी असेलच, दुधाची, डब्यांची, दुकानाच्या उधारीची. टाकी फुल्ल करून एकदा आकडा लिहा. घरातल्याला मधेच फोन करून मागे फिरवण्याआधी थोडं थांबा. एक तरी बोळ गाडी बंद करून चाला. आणि एखादी रेघ खोडायच्या आधी त्या टोकाला एकदा उतरून या.

जय जिनेंद्र.