जर्मन घेतेस, तर पुरती घे

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)

चि. सोनूस,


बारावीनंतर जर्मन हाच मुख्य विषय घेऊन बी.ए. करायचं तू ठरवलंस, हे दादाने सांगितलं आणि मला मनापासून आनंद झाला. पाठोपाठ घरात जे प्रश्न सुरू झाले तेही कानावर आले. ‘भाषा क्लास लावूनही येते, मग त्यासाठी तीन-चार वर्षं कॉलेज कशाला?’ हा दादाचा. ‘पुढे नोकरी कुठली?’ हा वहिनीचा. आणि तुझा स्वतःचा, ‘आत्या, भाषेच्या डिग्रीत बाकीचे एवढे विषय का कोंबलेत?’ तिन्ही प्रश्न रास्त आहेत. समोरासमोर बसलो की सगळे एकदम बोलतात, म्हणून सविस्तर लिहिते. उघडं पत्र लिहिते, कारण आपल्या हेंद्रेपाड्यात, रुळांपलीकडे कुळगावात, अंबरनाथ-उल्हासनगरातही असाच विचार करणारी मुलं आहेत आणि त्यांच्या घरी हेच प्रश्न विचारले जात असणार.

आधी डिग्रीचा हिशेब समजून घे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीचा आराखडा ठरवला. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. लेक्चरचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. म्हणजे चार क्रेडिटचा पेपर ६० तासांचा.

यातले साधारण निम्मे क्रेडिट मेजरचे, म्हणजे तुझ्या जर्मनचे. उरलेल्यात १८ ते २० क्रेडिटचा मायनर म्हणजे दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतून घ्यायचा ओपन इलेक्टिव्ह, इंग्रजी आणि एक आधुनिक भारतीय भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग. कुठल्या सेमिस्टरला काय येतं हे विद्यापीठागणिक थोडं बदलतं. ज्या कॉलेजात अर्ज करशील तिथला अभ्यासक्रम आधी मागून घे आणि पेपरांची नावं एकेक करून वाच. प्रवेशाच्या घाईत हेच राहून जातं.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. गटे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार शून्यापासून सुरुवात करून बी१ ही मधली पातळी गाठायला ४५ मिनिटांचे ३५० ते ६५० तास लागतात, बी२ ला ६०० ते ८००, आणि सी१ ला ८०० ते १०००. मेजरचे सगळे तास निव्वळ बोलण्या-लिहिण्याच्या सरावाला मिळाले असते, तर तीन वर्षांत सी१ पर्यंत जाता आलं असतं. पण त्याच तासांत साहित्य, इतिहास, भाषाविज्ञान, अनुवाद हे सगळं बसवायचं असतं. त्यामुळे वर्गात बसलं की भाषा आपोआप येईल, असं धरून चालू नकोस. दुसऱ्या वर्षाअखेर बी१ आणि तिसऱ्या वर्षाअखेर बी२ हे स्वतःचं ध्येय ठेव, आणि त्या परीक्षा मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे गटेच्याच इथल्या शाखेत, वेगळ्या दे. डिग्रीची मार्कशीट आणि पातळीचं प्रमाणपत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुला दोन्ही लागतील.

प्रमाणपत्रालाही मर्यादा असते, हे दादाला सांग. उदाहरणार्थ, जपानीची जेएलपीटी परीक्षा बघ. पुण्या-मुंबईत दर वर्षी कितीतरी मुलं ती देतात. तिच्या पाच पातळ्या, एन५ पासून एन१ पर्यंत. शब्द, व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच ती तपासते. बोलण्याची आणि निबंध लिहिण्याची परीक्षा तिच्यात नाहीच. जर्मनच्या परीक्षा बोलायला आणि लिहायला लावतात. पण त्याही तुला भाषा किती येते एवढंच सांगतात. त्या भाषेत तुला काय काम करायचं आहे, हे कुठलीच परीक्षा ठरवू शकत नाही. ते ठरवण्यासाठी पदवीची वर्षं असतात, आणि तुला नको वाटणारे पेपर नेमके त्यासाठीच आहेत.

आपल्याकडच्या तीन माणसांकडे बघ.

विष्णु सीताराम सुखठणकर केंब्रिजमध्ये गणित शिकले. नंतर बर्लिनला जाऊन हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखितांतून जुना पाठ कसा शोधायचा, याचं शास्त्र त्या काळी जर्मन विद्यापीठांत खूप पुढे गेलेलं होतं. १९२५ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जबाबदारी त्यांच्यावर आली, तेव्हा हीच शिस्त कामाला आली. त्यांनी संपादित केलेलं आदिपर्व १९३३ साली पूर्ण झालं आणि अख्खी आवृत्ती त्यांच्या पश्चात १९६६ साली. जर्मनमधून मिळवलेली पद्धत त्यांनी आपल्या महाभारतासाठी वापरली. संस्कृत पक्कं नसतं, तर बर्लिनची ती पदवी इथे काय कामाची होती?

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्याकडे मानववंशशास्त्रात संशोधन केलं. प्रबंध जर्मनमध्ये लिहिला. कवट्यांच्या मोजमापांतून युरोपीय वंशाचं वेगळेपण दिसतं का, हे तपासायचं होतं. इरावतीबाईंच्या मोजमापांत मार्गदर्शकाच्या अपेक्षेसारखा वांशिक फरक निघाला नाही, आणि त्यांनी तसं लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाला न पटणारी गोष्ट मांडायला व्याकरण लागतंच, पण विषयावरची पकड त्याहून जास्त लागते. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई आपण ओळखतो. त्यांच्या घडणीत ही बर्लिनची वर्षंही आहेत.

तिसऱ्या पंडिता रमाबाई. संस्कृतातली विद्वत्ता त्यांच्याकडे लहानपणापासून होती. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. मराठी अशी हवी की साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावी, हा त्यांचा हट्ट होता. आयुष्याची शेवटची वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या कामात गेली आणि १९२२ साली त्या वारल्या. परकी भाषा शिकण्याचं फळ शेवटी आपल्या भाषेत कसं उतरतं, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

तिघांच्याही हातात परक्या भाषेबरोबर दुसरं काहीतरी भक्कम होतं. म्हणूनच ती भाषा कामाला आली. तुझ्या आराखड्यातला मायनर म्हणजे हे दुसरं काहीतरी निवडण्याची जागा आहे. मार्क सोपे मिळतात किंवा मैत्रिणींनी घेतलाय म्हणून तो घेऊ नकोस. इतिहास घेतलास तर जर्मन अभ्यासकांनी भारतावर लिहिलेलं तुला मुळातून वाचता येईल. अर्थशास्त्र घेतलंस तर उद्योगांचं जग उघडेल. तत्त्वज्ञान घेतलंस तर कांट आणि हेगेल यांच्यापर्यंत इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय पोहोचशील. मराठी घेतलंस तर चांगली अनुवादक होण्याचा पाया पडेल. निवड तुझी, पण ती विचार करून कर.

मायनर कुठलाही घे, मराठी मात्र सोडू नकोस. आधुनिक भारतीय भाषेचे चार क्रेडिट तुला घ्यायचेच आहेत. ते मराठीचे घे आणि उरकून टाकल्यासारखे करू नकोस. जर्मन वाक्य समजलं तरी ते मराठीत धड मांडता येत नाही, असे विद्यार्थी मी खूप पाहते. त्यांची अडचण जर्मनची नसतेच. श्याम जोशींनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय आपल्याच बदलापुरात आहे. जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं बघायला लांबून माणसं येतात. तू तर इथलीच. जुने कोश बघ, जुनी भाषांतरं बघ, शंभर वर्षांपूर्वीचे लोक परके विचार मराठीत कसे आणत होते ते वाच. यासाठी एकही रुपया लोकलला खर्चावा लागणार नाही.

आता वहिनीचा प्रश्न. नुसतं जर्मनीला जाऊन काम करायचं असेल, तर जर्मनची बी.ए. लागत नाही, हे तिला स्पष्ट सांग. नर्स, इलेक्ट्रिशियन, तंत्रज्ञ आपापलं शिक्षण आणि भाषेची ठरावीक पातळी यांच्या बळावर जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. दहा हजार तरुण पाठवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आणि त्यांना जर्मन शिकवणं हाही योजनेचा भाग ठरला. पण या मुलांना शिकवणार कोण? त्यांची मराठी समजून घेऊन, त्यांच्या चुका कुठून येतात ते ओळखून शिकवणारी माणसं हवीत. ते काम पदवी घेतलेल्यांचं आहे. शाळेत शिकवायचं तर पुढे बी.एड. करावं लागेल. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. ला किमान ५५ टक्के आणि त्यानंतर नेट. नेटला जर्मन हा स्वतंत्र विषय आहे. अनुवाद, दुभाष्याचं काम, पुण्या-चाकणकडच्या जर्मन कंपन्यांतली कामं, प्रकाशन, संशोधन अशा आणखीही वाटा आहेत. पहिल्या दोन-तीन वर्षांत पगार मोठा नसेल, हेही वहिनीला आत्ताच कळू दे.

कॉलेज कुठलं, यावर थोडक्यात. मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला विद्यानगरीत आहे. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात जर्मन आहे आणि रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. घर सोडायची तयारी असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू यांचाही विचार कर. जेएनयूच्या बी.ए. ऑनर्सला सीयूईटी परीक्षा द्यावी लागते, आणि भाषेची आधीची ओळख नसलेल्यांनाही तिथे पहिल्या वर्षापासून शिकता येतं. मुंबईत शिकायचं ठरलं तर बदलापूर लोकलचा रोजचा प्रवास आलाच. गाडी गच्च भरलेली असते, वही-पुस्तक उघडता येत नाही, पण ऐकता येतं. जाता-येता जर्मन बातम्या ऐकण्याची सवय लाव. तीन वर्षांत त्याचा मोठा फायदा होतो.

एक विनंती दादा-वहिनीला. तिला कॉमर्स किंवा आयटी घ्यायला लावून जर्मन क्लासपुरतं ठेवू नका. तिला भाषा हा विषय म्हणून शिकायचा आहे, आणि आपल्या राज्यात हे काम नीट करणारी माणसं अजून थोडी आहेत.

सोनू, फॉर्म भरण्याआधी एक कर. जर्मन शिकून मला नेमकं काय करायचं आहे, हे एका कागदावर चार ओळींत मराठीत लिही. मग अभ्यासक्रम समोर ठेवून मायनर निवड. दोन्ही कागद घेऊन रविवारी माझ्याकडे ये. आपण बसून एकेक पेपर बघू आणि मगच फॉर्म भरू.

तुझी,
आत्या