वरचे दूध आणि दुपट्यावरचे धागे

तान्ह्या मुलाला दूध ‘पचत नाही’ असे म्हणताना मराठी घरांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठीत बांधल्या जातात. पाजल्यानंतर दुधाची गुळणी टाकणे हा मुळात रोगच नव्हे. ती चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि वर्षाच्या आसपास बहुधा आपोआप थांबते. लॅक्टोजचे, म्हणजे दुधातील साखरेचे, अपचन ही दुसरी गोष्ट. आईच्या दुधात ही साखर गाईच्या दुधापेक्षा जास्त असल्याने ती जन्मतःच न पचणारे मूल अत्यंत विरळा, मात्र जुलाबाने आतड्याचे अस्तर दुखावले की काही दिवस हा त्रास होतो. तिसरी गोष्ट म्हणजे गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी, ज्यात शरीराची संरक्षक यंत्रणा या परक्या प्रथिनांवर उलटते.

आईच्या दुधात दर 100 मिलिलिटरमागे सुमारे 1 ग्रॅम प्रथिने असतात, तर गाईच्या दुधात 3 ग्रॅमहून अधिक; शिवाय गाईच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन स्त्रीचे शरीर बनवतच नाही. अ‍ॅलर्जीचा एक प्रकार काही मिनिटांत ते दोन तासांत उमटतो: अंगावर गांध्या, ओठांना सूज, क्वचित श्वास कोंडणे. दुसरा सावकाश चालतो आणि बहुधा पोटातच राहतो. तिसराही एक आहे, ज्यात दूध पाजल्यावर एक ते चार तासांनी मूल वारंवार ओकते, पांढरेफटक पडते आणि मान टाकते. तो जंतुसंसर्ग समजला जाण्याचा धोका मोठा असतो.

राजगडाच्या परिसरातील विंझरसारख्या गावांत, जेथे दुभते जनावर दारात असते, वरचे दूध ही दुकानातून आणायची वस्तू नसते. त्यामुळे पान्हा अपुरा असल्याची नुसती शंका आली, तरी पाणी घातलेले दूध बोंडल्याने पाजण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. पाण्याने मात्र दुधातील उष्मांक घटतात, अ‍ॅलर्जी घटत नाही, कारण तिला थोडे प्रथिनही पुरते. वर्षाआतील मुलाला वरचे दूध दिल्यास, अ‍ॅलर्जी नसतानाही, आतड्यातून डोळ्यांना न दिसणारा रक्तस्राव होऊ शकतो आणि त्या दुधात लोह अत्यल्प असल्याने पंडुरोग बळावतो. ‘गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या’ हा आपुलकीचा सल्लाही फसवा आहे: शेळी-म्हशीच्या दुधातील प्रथिने गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की अ‍ॅलर्जी बहुधा कायम राहते, आणि शेळीच्या दुधात फोलेट कमी असते. नेहमीची डब्याची पावडरही गाईच्याच दुधापासून बनते. तिच्या जाहिरातीवर भारतात 1992 च्या कायद्याने बंदी आहे. याच्या अगोदर, 1989 मध्ये, मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. अशी सोय डोंगराळ भागाच्या हाताशी एव्हाना असायला हवी होती.

केवळ अंगावर पिणाऱ्या मुलालाही अ‍ॅलर्जीचा हा त्रास होतो, कारण आईने घेतलेल्या दुधातील प्रथिनांचा अंश तिच्या दुधात उतरतो. दोन-तीन महिन्यांचे मूल हसरे असते, वजनही वाढते, आणि दुपट्यावरील पिवळ्या शीत शेंबडासारखा बुळबुळीत पदार्थ व त्यात शिवणाच्या दोऱ्याएवढे लाल धागे दिसतात. अशा वेळी अंगावरचे दूध तोडणे ही सर्वांत मोठी चूक होय. रक्त दिसण्याची कारणे अनेक असल्याने आधी डॉक्टरांची तपासणी हवी. गुदद्वाराची चीर त्यांतलीच एक. अ‍ॅलर्जीचा संशय राहिला, तर आईला दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, लोणी, खवा, पनीर आणि चहातील दूधही सोडावे लागते. बाळंतिणीला हे जड जाते. कॅल्शियमची उणीव भरायला नाचणी येथे परकी नाही: तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि भाकरी, आंबील किंवा सत्त्व या रूपांत ती रोजच्या ताटात सहज बसते, तरीही गोळीची गरज डॉक्टरांनी ठरवावी.

धागे थांबले, एवढ्यावर निदान पक्के होत नाही, कारण ते अनेकदा आपोआपही थांबतात, आणि पुन्हा दूध घेऊन पाहण्याचा टप्पा गाळल्यामुळेच कित्येक माता विनाकारण महिनोन्‌महिने कोरा चहा पीत राहतात. म्हणून, गांध्या, सूज, श्वासाचा त्रास किंवा निपचित पडणे असे काही झालेले नसेल तरच, आईने पुन्हा दूध सुरू करून दुपटी आठवडाभर पाहावीत. अन्यथा ही चाचणी रुग्णालयातच व्हावी. धागे परतले, तर सुमारे सहा महिने किंवा मूल नऊ ते बारा महिन्यांचे होईपर्यंत पथ्य चालते आणि मग पुन्हा चाचणी होते. परतले नाहीत, तर आईचे दहीताक त्याच दिवसापासून पूर्ववत.