पूर्णाकाठची भुरी

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडातल्या घरोघरी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या जागी हळद आणि लोणी चोळतात, आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतन बैलाच्या कानात सांगतात. ज्या लोण्यानं हे खांदे शेकले जातात ते बऱ्याच घरांत म्हशीच्या दुधाचं असतं. तिला मात्र आवतन नसतं. दिवाळीत गायगोधन गायीचं. म्हशीच्या वाट्याला पंचांगातला एकही दिवस आलेला नाही. पुराणानं तिच्या जातीला यमाचं वाहन केलं. पैठणला वेद वदले गेले ते रेड्याच्या तोंडून, पण त्या कथेत रेडा निवडला गेला तो त्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती म्हणून. मराठीतली सगळ्यात प्रसिद्ध म्हैस पु. ल. देशपांड्यांची, ती बसला आडवी येते आणि आपण हसतो. अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या पूर्णाकाठच्या घराचा वर्षाचा हिशेब कुणी मांडून पाहिला, तर या उपेक्षेचं नवल वाटेल. माझं म्हणणं असं की घरचं जनावर हे नातं मायेपासून सुरू होत नाही. घराच्या वाट्याला येणारी झीज जे जनावर घराबरोबर सोसतं ते घरचं होतं, आणि माया त्या सोसण्यातून उगवते. ही कसोटी लावली तर पूर्णाकाठी भुरीइतकं घरचं दुसरं जनावर सापडणं कठीण आहे.

भुरी म्हणजे इकडची फिकट रंगाची म्हैस. काळी कुळकुळीत नव्हे. मळकट पांढऱ्यापासून फिकट तपकिरीपर्यंत कुठलाही रंग, बांधा मध्यम, दूध बेताचं पण दाट. अकोला, अमरावती आणि बुलडाणा हा तिचा मुलूख. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं २०२२ मध्ये 'पूर्णाथडी' या नावानं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. थडी म्हणजे नदीचा काठ, तेव्हा नाव चपखल आहे; कोठ्यात मात्र तिला अजूनही भुरीच म्हणतात. पूर्णा उगम पावते ती बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीजवळ. गावाच्या नावातच म्हैस असावी हा योगायोग असेल, पण सुखावणारा आहे. सातपुड्यातून उतरून ही नदी ज्या सपाट काळ्या मातीतून वाहते, तिच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा पसरला आहे. तीन जिल्ह्यांतली आठशेहून अधिक गावं त्यात येतात. विहीर खणावी तर खारं पाणी लागतं. पिकाला चालत नाही, माणसाला पिववत नाही. त्यामुळे ओलिताचा हिरवा चारा फारसा नाही, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, तिला अंग थंड ठेवायला डुंबायला लागतं. उन्हाळ्यात एका म्हशीला पिण्यालाच दिवसाकाठी ५०-६० लिटर पाणी हवं. इतक्या अडचणीच्या मुलखात म्हैस पाळणं हाच वेडेपणा वाटावा. तरीही पिढ्यानपिढ्या ती इथं टिकली आहे. पाळणारे सांगतात की उजळ रंगामुळे भुरीला ऊन सोसतं. कारण काहीही असो, डोहाऐवजी अंगावर ओतलेल्या दोन बादल्या पाण्यावर आणि पाठीवरच्या ओल्या बारदानावर ती उन्हाळा काढते, आणि त्या दोन बादल्या ज्या घरात पाणी टँकरनं येतं त्याच घरातून येतात. झीज वाटून घेणं मी म्हणतो ते हे.

तिचं आयुष्य सुरुवातीपासून पाहिलं तर हा व्यवहार किती लांब मुदतीचा आहे ते कळतं. म्हशी बहुधा पावसाळा सरता सरता, दिवाळीच्या मागंपुढं वितात. चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो. झालेलं पिल्लू वगार असेल तर घरात समाधान असतं. ही वगार गाभण राहून पहिल्यांदा विईपर्यंत चार वर्षं सहज जातात; गाभण काळच दहा महिन्यांहून अधिक. म्हणजे घरातलं पोर अंगणवाडीतून शाळेत जाईपर्यंत तिनं घराला शेणाखेरीज काही दिलेलं नसतं. पुढेही ती सलग देत नाही. दोन वितांमध्ये सव्वा-दीड वर्षाचं अंतर पडतं, त्यातले कित्येक महिने ती आटलेली, भाकड. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, बाहेरून कळत नाही, आणि तो एकदा हुकला की भाकड काळ आणखी लांबतो. व्यापाऱ्याच्या डोक्यानं पाहिलं तर हे भांडवल फार संथ आहे. तरी भाकड म्हशीपुढे कुटार टाकणं कुणी थांबवत नाही. तूर निघाली की तुरीचं कुटार, सोयाबीन निघालं की सोयाबीनचं. पूर्वी ज्वारी होती तेव्हा कडबा होता. गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीननं ज्वारीला शेतातून हुसकावलं आणि कडब्याच्या गंजी गावातून दिसेनाशा झाल्या. माणसाच्या ताटातली भाकरी पातळ झाली तेव्हाच भुरीच्या गव्हाणीतला कडबाही गेला. सोयाबीनचं रुक्ष कुटार ती आधी फक्त हुंगत राहिली, मग खाऊ लागली.

या मुलखाचं मुख्य पीक कापूस, आणि भुरीचा त्याच्याशी असलेला संबंध लोक विसरतात. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते ३४-३५ किलो. उरते ती बहुतेक सरकी. रुई देशोदेशी जाते. सरकीचं तेल निघतं आणि मागं राहते ढेप. अकोला ही या ढेपेची मोठी पेठ, इतकी की वायदेबाजारात सरकी ढेपेच्या सौद्यांसाठी अकोल्याचं नाव आधाराला धरलं गेलं. शेतकऱ्याच्या कापसाचा भाव दूर कुठंतरी ठरतो, पण त्याच कापसाचा जो भाग गावात परततो तो भुरीच्या पाटीत येतो. भिजवलेल्या ढेपेचं दूध होतं, दुधाचं दही-लोणी-तूप होतं, शेणाच्या गोवऱ्या होतात, उरलेलं शेण उकिरड्यावरून पुन्हा पऱ्हाटीच्या वावरात जातं. कापसाचं एवढं चक्र गावाच्या आत पुरं करणारी ती एकटीच आहे. ढेप महागली की पाटीतला मूठभर घास कमी होतो आणि सायंकाळच्या चहातलं दूधही कमी होतं. दोन्ही एकाच दिवशी.

हा सगळा सांभाळ बहुतेक घरांत बाईकडे असतो, आणि पहाटे चारला उठणारीही तीच असते. शेण काढणं, आंबोण कालवणं, धार काढणं, गोवऱ्या थापणं. बैल पुरुषाच्या हाताखाली, म्हैस बाईच्या. कापसाचे पैसे आले की ते बहुधा कृषी केंद्राच्या उधारीत आणि सोसायटीच्या हप्त्यात जातात. दुधातुपाचे थोडे पैसे मात्र तिच्या पदराला राहतात, आणि त्यातून वही, औषध, एखादं लुगडं होतं. म्हैस हात ओळखते. अनोळखी माणूस धारेला बसला की ती पान्हा चोरते. घरधनीण माहेरी गेली तर तिचं लुगडं अंगावर घेऊन धार काढायची वेळ पुरुषांवर येते, हे गावोगाव सांगितलं जातं आणि त्यात अतिशयोक्ती नाही. जनावर बिथरलं की पान्हा सुटायला लागणारं संप्रेरक अडतं, हे पशुवैद्यकही सांगतं. 'भुरे, थांब माय' एवढ्या तीन शब्दांवर जी पान्हा सोडते, तिच्या-माझ्यात काही नातं नाही असं त्या बाईला कुणी पटवून द्यावं.

यावर पहिला आक्षेप येतो तो दुधाच्या आकड्यांचा. मुऱ्हा म्हैस किंवा संकरित गाय भुरीहून कितीतरी जास्त दूध देते. मग कमी दुधाच्या जनावराचं कौतुक म्हणजे गरिबीचं कौतुक नव्हे का? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. मुऱ्हा जिथं घडली तिथं कालव्याचं पाणी आणि हिरवा चारा आहे. खारपाण पट्ट्यात त्या दुधाच्या मागे लागणारा खुराक विकतचा. याची परीक्षा एकदा होऊनही गेली आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. अकोला त्यात होतं. त्यात निम्म्या अनुदानावर दुधाळ संकरित गायी द्यायची योजना होती. हेतू चांगला होता. पण पी. साईनाथ यांनी त्या काळात विदर्भातल्या घरांतून जे लिहून आणलं ते अस्वस्थ करणारं होतं: गाय दारात आली आणि तिच्या खाण्याचा खर्च घरातल्या माणसांच्या खर्चाच्या वर गेला. काहींनी ती दुसऱ्याला देऊन टाकली. त्या गायींचा यात काही दोष नव्हता. त्या घराच्या ताटातून खाऊ शकत नव्हत्या आणि घर त्यांच्या ताटाला पुरं पडत नव्हतं, म्हणून त्या दारातल्या राहिल्या, घरच्या झाल्या नाहीत. लिटरचा आकडा एवढंच सांगतो की जनावर किती देतं. त्यासाठी घराला किती विकत आणावं लागतं हे सांगणारा रकाना कोणत्याच अर्जात नव्हता. दूध कमी असणं चांगलं, असं माझं म्हणणं नाही. भुरीचं दूध वाढायला हवं, आणि ते तिच्यातल्याच चांगल्या वाणाच्या निवडीतून वाढवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घरचं माणूस म्हणता, मग विकता कसं? म्हशी विकल्या जातात हे खरं. लेकीच्या लग्नाला, दवाखान्याला, नापिकीच्या वर्षी पेरणीच्या बियाण्याला विकल्या जातात. म्हातारपणी तर बहुतेक विकल्या जातातच, आणि घेणारा कोण हे विकणाऱ्याला कळत असतं. राज्यातल्या १९७६ च्या कायद्यानं गायीची कत्तल रोखली, २०१५ च्या दुरुस्तीनं बैलही त्यात आले. म्हैस बाहेरच राहिली. म्हणजे म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं या प्रश्नानं आज घरं अडून बसली आहेत, आणि म्हाताऱ्या म्हशीचा प्रश्न बाजारात सुटतो. मी हे झाकणार नाही. पण विकणं हा माया नसल्याचा पुरावा मानायचा, तर ज्या बाईनं पोराच्या फीसाठी मंगळसूत्रातले मणी विकले तिलाही सौभाग्याची चाड नव्हती असं म्हणावं लागेल. घर विकतं ते सगळ्यात शेवटी जे उरलेलं असतं ते. विकताना दावं देत नाहीत. दावं घरी राहतं, घेणाऱ्यानं स्वतःचं आणायचं. निघताना कपाळी हळदकुंकू लागतं. बाई बहुधा त्या वेळी बाहेर येत नाही. शहरातल्या घरात कुत्र्यामांजरावर जी माया असते ती खरीच आहे, पण त्या घराला कुत्रा आणि पेरणी यांतून एक निवडायची वेळ कधी येत नाही. जिथं निवडावं लागतं तिथल्या मायेला दुःखाचा भाग जास्त असतो, म्हणून ती कमी ठरत नाही. इतर जनावरांच्या आपत्तीतही भुरी घराला धरून राहते. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पीनं गायीबैलांना गाठलं, अकोल्यात गुरांचे बाजार बंद पडले. म्हशींना त्या रोगाची झळ फारच कमी बसते. ज्या घरात बैल तापानं बसला होता त्या घरातली धार भुरीनं चालू ठेवली.

तिसरी गोष्ट आक्षेपाच्या पलीकडची आहे, कारण तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वगार झाली की समाधान, आणि हल्या झाला तर? काळ्या मातीत वखर-डवरा ओढायला बैल असतात, रेड्याला काम नाही. हल्याच्या तोंडी पान्ह्यापुरता सड लागतो, मग त्याला दूर बांधतात आणि दूध गंजात जातं. अनेक हल्ये पहिल्या काही महिन्यांतच खंगून जातात. कुणी मारत नाही. त्याच्या वाट्याचं कुणी ठेवत नाही, इतकंच. मी वर जी कसोटी मांडली तिची ही काळी बाजू आहे. झीज सोसणारं ते घरचं, असं ठरलं की ज्याला सोसायला कामच दिलेलं नाही तो दारातच परका होतो. हे मान्य केल्याशिवाय भुरीवर प्रेमानं लिहायचा हक्क मिळत नाही असं मला वाटतं. आणि इथं एक गाठ आहे. जातीची नोंद झाली, पण गावात जातिवंत भुरा रेडा शोधू गेलं तर सापडत नाही. तो लहानपणीच गेलेला असतो. मग माज ओळखता आला की कृत्रिम रेतनाला सहज मिळते ती मुऱ्ह्याची मात्रा, आणि पिल्लं काळी होत जातात. नवीन तंत्रानं माद्याच जास्त जन्माला घालता येतील, पण त्यासाठीही आधी भुरा रेडा जिवंत हवा. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. निवडक हल्ये विकत घेऊन वाढवणं त्यांच्या आवाक्यातलं आहे. पण त्या हल्यानं विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचायचं तर आधी कोठ्यातले सहा महिने काढले पाहिजेत, आणि तेवढं दूध सोडणं त्या बाईलाच परवडायला हवं. त्या सहा महिन्यांच्या दुधाचे पैसे तिला आगाऊ मिळाले, तर दिवाळीनंतरच्या थंडीत कोठ्याच्या टोकाच्या खुंट्याला बांधलेला तो फिकट रंगाचा हल्या सकाळी एका सडाला पोटभर लागेल.